सुमनवहिनीची वाक्यं

दादाचा फोन आला तेव्हा मी कुरुंदवाडला, माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. "सुमन गेली," एवढंच तो म्हणाला. वहिनी जाणार हे आम्हाला पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं. त्या माहितीचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. गडमुडशिंगीची लेक, लग्न करून कोल्हापुरात शिवाजी पेठेत आली ती भलामोठा आवाज घेऊनच. घर रस्त्यालगत, त्यामुळे ती स्वयंपाकघरातून बोलली तरी समोरच्या दुकानात ऐकू जायचं. दूधवाल्याला ती दारातूनच विचारायची, "पावणं, आज म्हशीला पाणी जास्त पाजलंय काय?" मी माहेरी गेले आणि लवकर निघायला लागले की दारात आडवी उभी. "वन्सं, जेवल्याबिगर जायचं न्हाय." त्यात विनंती वगैरे काही नसायची.

हा आवाज आधी घोगरा झाला, मग शब्द एकमेकांत अडकायला लागले. डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. शरीर हळूहळू ऐकेनासं होतं, वहिनीचं डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहिलं. दादा फाउंड्रीतून निवृत्त झालेला फिटर. काहीही बिघडलं की आधी उघडून बघायचं, हा त्याचा स्वभाव. इथे उघडून बघण्यासारखं काही नव्हतं...

बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई घरी यायच्या. त्यांनी लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये, एक ॲड-ऑन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम, बसवून दिलं. आपलं वाक्य टाइप करून ठेवायचं, त्याचं एक बटण तयार होतं. त्या बटणावर पडद्यावरचा बाण जरा वेळ थांबवला की लॅपटॉप ते वाक्य मोठ्यानं बोलतो. पहिल्यांदा त्यातून बाईचा आवाज आला तेव्हा वहिनीनं तोंड वाकडं केलं आणि एका बोटानं टाइप केलं, "ही बाई पुण्याची हाय." मग तिला कोल्हापूरचं बोलणं शिकवायलाच बसली. 'की'वर जोर येईना म्हणून 'कीऽ' लिहून बघितलं, 'बघा'चं 'बगा' केलं, स्वल्पविराम इकडचे तिकडे हलवले. एकेका वाक्यात अख्खी सकाळ जायची. "पाठ खाजवा, जोरात कीऽ." "पंखा बारीक करा." आणि एक खास दादासाठी, "अवो, जेवलासा काय?" मला जेवल्याशिवाय न सोडण्याचं वाक्यही तिनं भरून ठेवलं होतं. ते पहिल्यांदा लॅपटॉपमधून आलं तेव्हा मी खांद्याला लावलेली पिशवी निमूटपणे खाली ठेवली.

उन्हाळ्यात एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली, त्यातलं काही निघणार नाही. नवी बसवून लॅपटॉप घरी आला त्या दिवशी मी तिथेच होते. दादानं ब्राउझर उघडला, जुनाच ईमेल आणि पासवर्ड टाकला, आणि सगळं आपोआप परत यायला लागलं. वहिनीनं जपून ठेवलेली पाककृतींची पानं, मोठी केलेली अक्षरं, वरच्या पट्टीत एकेक करून सगळी ॲड-ऑन. "आलं बघ, सुमन. समदं आलं," दादा म्हणाला. वहिनीचे डोळे हसले. मग त्यानं बोलण्याचं ॲड-ऑन उघडलं. बटणांच्या जागी रिकामे चौकोन होते.

दादानं उपचार करणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांनी हळुवारपणे समजावलं. ॲड-ऑन परत येतं, ब्राउझरची सेटिंग्ज परत येतात, पण या ॲड-ऑनच्या आत आपण भरलेलं त्या लॅपटॉपवरच राहतं. त्याची फाइल वेगळी काढून दुसरीकडे ठेवावी लागते. "तशी काढली होती का कधी?" अशी फाइल असते हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

तोवर वहिनीचं टाइप करणं थांबलं होतं. बोटानं बाण जेमतेम सरकायचा. मग वाक्यं आम्हीच भरायला घेतली. "जोरात"च्या आधी स्वल्पविराम होता की नंतर, यावरून दादाचं नि माझं जुंपायचं. लिहायचो, ऐकवायचो आणि तिच्याकडे बघायचो. बरोबर असेल तर ती पापण्या मिटायची. पापण्या मिटेनात. एकदा दादानं दमून साधं, पुस्तकातल्यासारखं लिहिलं, "मला पाणी हवे आहे." लॅपटॉपमधली बाई ते स्वच्छ म्हणाली. वहिनी भिंतीकडे बघत राहिली. गालावर पाणी ओघळलं, ते पुसायला तिला हात उचलता येत नव्हता. दादानं पुसलं.

"चुकलं काय गं?"

तिनं पापण्या मिटल्या.

थोडी वाक्यं कशीबशी जमली. "अवो, जेवलासा काय?" मात्र राहूनच गेलं. दादा ते लिहायचा आणि ऐकवायच्या आधीच पुसून टाकायचा. "माझं मीच मला कसं इचारू?" म्हणाला. पावसाळा सरता सरता तिचं बोटही थांबलं, मग पापण्या जड झाल्या... आणि एका दुपारी श्वास.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा दादा लॅपटॉपसमोर बसला होता. त्या ॲड-ऑनची फाइल काढून पेनड्राइव्हवर घेत होता. उन्हाळ्यात ती वाक्यं गेल्यापासून तो दर रविवारी हेच करत आला होता, हे मला तेव्हा कळलं.

"आता त्यात नवीन काय असणार आहे, दादा?"

"काय न्हाय. पर हाय ते तरी ऱ्हाऊ दे."

फाइल नीट निघाली का, हे बघायला त्यानं ती पेनड्राइव्हवरून परत भरून घेतली. चौकोन भरले. त्यातल्या एकावर त्यानं बाण नेला आणि थांबवला.

"खिडकी लावा कीऽ, ऊन यायलंय," लॅपटॉप म्हणाला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. दादा उठला, खिडकी लावली आणि परत येऊन खुर्चीत बसला.