'कठीण' म्हणजे काय

सकाळी भाचीने ग्रीन टीचा डबा उघडला आणि त्या ओल्या गवतासारख्या वासाने मी थेट पुण्याजवळच्या भोसरीच्या एका कारखान्यात जाऊन पोचले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बिबवेवाडीहून दोन बस बदलून मी जपानीच्या वर्गाला जायचे. आमच्या बाईंनी मला पहिल्यांदाच दुभाषी म्हणून पाठवलं होतं. जपानी पाहुण्यांनी स्वतःचा चहा आणला होता. त्याची वाफ टेबलावर तरंगत होती.

"महिन्याभरात सगळे पार्ट देतो म्हणावं," कारखान्याचे मालक म्हणाले.

मी ते जपानीत सांगितलं. पाहुणे हसून म्हणाले, "जरा कठीण आहे." मी ते मराठीत सांगितलं.

"म्हणजे हो म्हणाले ना?" मालकांनी विचारलं.

जपानी माणूस 'कठीण' म्हणाला की बहुतेकदा ते 'नाही' असतं, असं बाईंनी शिकवलं होतं. पण माझं चुकलं तर?

"साहेब, ते नाही म्हणताहेत."

"आपण शब्द सांगा. अर्थ आम्ही लावतो."

तरीही मी पाहुण्यांना विचारलं, नेमकं काय कठीण आहे? त्यांनी लगेच पेन्सिल घेऊन कागदावर पार्टची एक कड रेखाटून दाखवली. अडचण मुदतीची नव्हती; तेवढी कड बदलली की त्यांना माल चालणार होता. पुढे मालकांनी ती बदलून दिली आणि काम मिळालं.

खोलीत मी एकटीच घाबरले आहे, असं तेव्हा वाटलं होतं. आज मालकांच्या वयाची झाल्यावर आठवते ती आत येताना दिसलेली, कामाअभावी बंद यंत्रांची रांग, आणि टेबलाखाली सारखा हलणारा त्यांचा पाय.