मागचं बदललं, पुढचं राहिलं

मी मुळातच संशयी. त्यातून बाईमाणूस स्वतः गाडी चालवतं म्हटल्यावर जो तो आपल्याला टोपी घालायला टपलेला, अशी माझी पक्की समजूत. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं असतील. कल्याणात माझा दवाखाना नुकता कुठे चालायला लागला होता. बाळंतपणं बहुतेक मलंगगडाच्या बाजूच्या गावांतली. निरोप यायचा तोच मुळी बाई अडल्यावर, आणि बैलगाडीनं पोचेपर्यंत कधीकधी सगळं संपलेलं असायचं. म्हणून लष्कराच्या लिलावातून निघून दोन हात फिरलेली एक जुनी जीप मी घेतली.

जीप चांगली होती, पण बुटकी. बैलगाड्यांनी रस्त्यात इतक्या खोल चाकोऱ्या पाडलेल्या, की मधला उंचवटा तिच्या पोटाला घासायचा. कुणी म्हणालं, मोठ्या लष्करी गाडीचे टायर बसवा. बसवले. जीप उंच झाली खरी, पण चढ आला की इंजिनला धाप लागायची. मोठी चाकं ओढायची तर आतली गियरं बदलायला हवीत, असं निघालं.

विठ्ठलवाडीच्या बाजूला, निर्वासितांच्या कॅम्पाच्या कडेला, कराचीहून आलेला एक मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करायचा. माझा थोरला भाऊ म्हणाला, "अगं, त्या निर्वासिताकडे गाडी देतेस? चांगला माल काढून भंगार घालेल, तुला कळायचंही नाही." झालं! मला तेवढंच पुरे होतं. दुपारचा दवाखाना बंद ठेवून मी तीन दिवस त्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. खोललेल्या प्रत्येक भागावर जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा ठिपका दिला, म्हणजे अदलाबदल नको. मिस्त्रीनं एकदा ठिपक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा पाना फिरवायला लागला.

मागच्या आसातली दातेरी चाकं बदलून झाल्यावर तो म्हणाला, "बाईजी, अब आगे का भी निकालना पडेगा."

"का? पुढचं काय बिघडलंय?"

"बिगडा कुछ नहीं. लेकिन आगे-पीछे एक जैसा नहीं होगा तो चारों चक्के साथ में नहीं लगा सकते. अंदर सब टूट जाएगा."

हं! म्हटलं, आला मुद्द्यावर. एकाच्या जागी दोन गळ्यात मारायचे! त्यानं दोन्ही हात फिरवून समजावून पाहिलं, पुढची चाकं एका वेगानं ओढणार, मागची दुसऱ्या. मी साफ सांगितलं, "मिस्त्री, मला हे खेळ दाखवू नका. मागचं झालं, पुरे." शेवटी त्यानं पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर जोडायचा दांडा सुतळीनं करकचून बांधून टाकला. "ये मत खोलना, बाईजी." माझ्याच गाडीत मला मनाई! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे श्रावणात एका सकाळी एक माणूस धापा टाकत आला. बायको पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. त्याला शेजारी बसवून मी निघाले. ओढ्यापाशी मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरायला लागली. तो उतरून ढकलू लागला. मी बॅगेतली कात्री काढली, सुतळी कापली आणि दांडा ओढला. जीप सरळ बाहेर!

"बघा!" मी ओरडले. "म्हणे तुटेल! लुच्चा मेला!"

त्या बिचाऱ्याला काय कळणार, तो नुसते हात जोडत होता. चिखलात चाकं घसरून दोन वेगांतला फरक भरून काढत होती म्हणूनच निभावलं होतं, हे मला तरी कुठे ठाऊक? पुढे कडक मुरमाचा रस्ता लागला, आणि दांडा मी तसाच ठेवला. स्टिअरिंग जड झालं, गाडी कण्हायला लागली, आणि थोड्याच वेळात खालून काडकन आवाज झाला. मग ती पुढेही जाईना आणि मागेही. उरलेले दोन मैल आम्ही पायी गेलो, जमेल तिथे पळत. बाईला मी वाचवलं. मूल गेलं होतं, आणि फार आधी गेलेलं नव्हतं. जीपनं पोचले असते तर वाचलं असतं. बाहेर नवऱ्याला हे सांगताना माझी मान वर होईना.

जीप बैलांनी ओढून शेडमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर मिस्त्रीनं शेजारचे दोघे साक्षीला बसवून ठेवलेले. कापलेली सुतळी त्यांच्यासमोर बाकावर. मी त्याच्यावर आळ घेणार याची त्याला खात्री होती. आणि घेणारच होते हो! वाटेभर तेच शब्द जुळवत आले होते. पण ती सुतळी बघितली आणि तोंडातून निघून गेलं, "मीच कापली."

साक्षीदार चुळबुळत उठून गेले. मिस्त्रीनं विचारलं, "बच्चा?"

मी मान हलवली. तो जॅक ओढून गाडीखाली शिरला. पुढचंही बदला, असं मी सांगितलं नव्हतं, पण त्यानं ते बदललं.

दीड-दोन वर्षांनी तीच बाई बोचकं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. पुन्हा दिवस गेलेले, पण अजून तीन आठवडे तरी अवकाश होता. मी म्हटलं, "अगं, आत्तापासून इथे कशाला? घरी जा. पोटात दुखायला लागलं की माणूस पाठव, मी लगेच येते. गाडी आता अगदी ठणठणीत आहे."

तिनं बोचकं मांडीवर ओढून घेतलं.

"तवा पन तू येतच व्हतीस ना, बाय," ती म्हणाली. "मी इथंच ऱ्हाते."

मी आत जाऊन तिच्यासाठी खाट रिकामी केली.