मनोऱ्याच्या तळाला

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर लेकरांचा मनोरा उभा राहतो, तेव्हा तुम्ही कुणाकडे बघता? खरं सांगा. वरच्या, झेंडा धरलेल्या पोरीकडेच ना?

मी तळाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कळमनुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मी चौथीत होते. खाली चौघी, वर तिघी, मग दोघी, सगळ्यात वर एक. तळातल्या मधल्या दोघींवर भार जास्त. त्यातली एक मी, दुसरी तांड्यावरून चालत येणारी माझी मैत्रीण. मुरमावर गुडघे, मुरमावर तळहात. सरांची शिटी वाजेपर्यंत मान वर करायची नाही.

मनोऱ्याचा सराव शाळा सुटल्यावर असायचा आणि त्याच तासाला, मैदानाला लागून असलेल्या खोलीत बाई स्कॉलरशिपचा जादा तास घ्यायच्या. मला तिथं बसायचं होतं. आमच्या घरी खेळणी नव्हती, पत्रकं होती. बाबा चळवळीच्या सभेतून आणायचे, मी ती मोठ्यानं वाचायची. हक्क हा शब्द मला पाढ्यांच्या आधी आला. म्हणून सरांसमोर जाऊन म्हणाले, "सर, मला जादा तासाला बसायचंय."

"तुला कशाला? तुझ्यासारखी पाठ साऱ्या शाळेत न्हाई."

पोरी हसल्या. मी पुन्हा गुडघ्यांवर गेले.

खिडकी मात्र उघडी असायची. बाई कोडी मोठ्यानं वाचायच्या आणि मी खाली मान घालून ती सोडवायची. माझ्या पाठीवर दोन गुडघे रुतलेले असायचे, डोक्यात आकडे चालायचे. एक दिवस बाईंनी विचारलं, "रांगेत एक मुलगी डावीकडून सातवी, उजवीकडून नववी. रांगेत मुली किती?"

"सोळा!" सगळी खोली ओरडली.

मला हसू फुटलं.

"काहून हसून राहिलीस? हालू नको, मरू सगळ्या," मैत्रीण पुटपुटली.

"पंधरा!" मी ओरडले. "तिला दोनदा मोजलं तुमी!"

ओरडायला मान वर केली आणि मनोरा कोसळला. वरची पोरगी माझ्या खांद्यावरून मुरमात पडली आणि रडायला लागली. सर धावत आले. "अगं, तू खांब हायेस! खांब बोलतो का कधी?"

बाई खिडकीशी आल्या. "पंधरा कोण म्हणलं?"

मी ढिगाऱ्यातून हात वर केला.

"उद्यापासून आत ये. शनिवारी परीक्षेचे फॉर्म जायचेत."

"न्हाई बाई," सर म्हणाले. "सव्वीस तारखेपर्यंत हिला सोडता येत न्हाई. ही उठली की सगळा मनोरा बसतो."

बाईंनी खिडकी लावून घेतली.

घरी मी काही बोलले नाही. बाबांनी गावातल्या कितीतरी जणांचे अर्ज लिहून दिले होते, माझाही लिहिला असता. पण ते पारावर भेटेल त्याला सांगत होते, "माझी लेक मनोऱ्यात हाय." त्यांचा तो आनंद मला मोडवेना.

शनिवारी सराव लांबला. शिपाईमामा फॉर्मचा गठ्ठा घेऊन फाटकातून निघाले, त्यात माझा फॉर्म नव्हता. मला खालून सायकलची चाकं तेवढी दिसली. गुडघे उचलले असते तर पळत जाऊन गाठली असती. पण वर सहा जणी होत्या. मी त्यांना पाडू शकत नव्हते, हे सरांनाही ठाऊक होतं.

सव्वीस तारखेला बाबा धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. शिटी वाजली, झेंडा वर गेला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी बाबांना पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते आणि वर बघत होते.

माझ्या बाबांवर माझा राग नाही. ज्यांनी मला अन्याय ओळखायला शिकवलं, त्यांनाही तो दिसला नाही, एवढंच सांगते आहे. कवायत वाईट नाही, कोडी तर नाहीतच. पण एकाच तासाला काही लेकरांच्या वाट्याला पाठ आणि काहींच्या वाट्याला डोकं, ही वाटणी मला मान्य नव्हती आणि आजही नाही.

तेव्हा यंदा मनोरा बघायला जाल, तर टाळ्यांच्या आधी खाली बघा. कार्यक्रम संपला की तळातल्या एका लेकराजवळ जा आणि विचारा, "तू जादा तासाला बसतोस का?" ते नाही म्हणालं, तर त्याचा हात धरून मास्तरांकडे न्या आणि त्याचं नाव यादीत लिहून होईपर्यंत तिथून हलू नका.