हात लावू का?

मानसोपचाराच्या बायकांच्या वॉर्डात माझी धाकटी बहीण सुमन खिडकीपाशी बसली होती. सिस्टर बीपीचं मशीन घेऊन आल्या. मागून नाही, मुद्दाम वळसा घालून समोरून.

"सुमनताई, हात लावू का?"

"नको."

मीच ओशाळले. पण सिस्टरनी पट्टा परत गुंडाळून ठेवला. "बरं. थोड्या वेळानं येते," म्हणाल्या आणि खरंच गेल्या.

सुमन त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सासरी तिचं 'नको' कुणी ऐकलं नव्हतं. पण माहेरी तरी? आम्हा दोघींचे गाल ओढले, ओळख ना पाळख अशा पाहुण्यांच्या मांडीवर बसवलं, सगळं मायेनंच. बाईचं 'नको' म्हणजे आपल्याकडे लाजणं, नाहीतर रुसणं. ते उत्तर असतं, हे कुणाच्या गावीच नसतं. मलाही कुणी कधी विचारल्याचं आठवेना.

भेटीची वेळ संपली. तिला जवळ घ्यायला सवयीनं पुढे केलेला हात थबकला.

"जवळ घेऊ का गं?"

तिनं मान माझ्याकडे वळवली. "आज नको, ताई," म्हणाली आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

जिना उतरताना माझ्या हातांचं काय करावं, मला कळेना.