मुदत संपलेलं कार्ड

फिलिपिन्समधल्या दुमागेतेच्या बाजारामागच्या गल्लीत क्लारिताचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक आरसा आणि भिंतीवर सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशू. सतराव्या वर्षी सेबू शहरात जाऊन तिने दुसऱ्यांच्या पार्लरात आधी केस झाडले, मग धुतले, मग कापले, आणि पोटाला चिमटा काढून हे दुकान उभं केलं. नवरा मध्येच निघून गेला, त्याचं तिने फार मनावर घेतलं नाही. उधारी बुडवणाऱ्यांनी मात्र तिला पार रडवलं. तेव्हापासून बाई कडक झाली. नियम म्हणजे नियम.

गिफ्ट कार्डं तिने मॉलमधल्या मोठ्या सलूनची बघून छापली. गुलाबी कागद, आठशे पेसो, खाली मुदत एकतीस डिसेंबर. तारीख असली की कार्डाला रुबाब येतो, असं तिला वाटलं. कायदा काय म्हणतो हे कुणाला विचारावं, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. कुणाच्या येतं?

फेब्रुवारीत फेल्या आली. पहाटे बुडबुड विकणारी, गल्लीची मानांग, म्हणजे थोरली ताई. तिचा केळीच्या पानातला गोड भात अख्खी गल्ली खायची, क्लारितासुद्धा. जिच्या घरी ती धुणं करायची, त्या मालकिणीने तिला हे कार्ड आदल्या वर्षी घेऊन दिलं होतं. फेल्याने ते चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलं. आमच्याकडे ही खोड घरोघरी आहे, नवे टॉवेल कपाटातच पिवळे पडतात.

“आमच्या लेकीचं, लुव्हेलाचं कॉलेज संपतंय,” फेल्या म्हणाली. “शनिवारी सगळ्यांचा फोटो काढायचाय. केसांचं काहीतरी कर बाई, जरा माणसात आण मला.”

क्लारिताने कार्ड उलटंपालटं केलं. “मानांग, हे तर डिसेंबरलाच संपलं की.”

“दीड महिना तर झालाय.”

“आज दीड महिना, उद्या दीड वर्ष. तुला चालवून घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू? रोख दे, शंभर कमी करते.”

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान वळवून पाहिलं. फेल्या ओशाळली. “बरोबर आहे तुझं,” म्हणाली आणि निघून गेली. कमरेपर्यंत दाट केस होते तिचे.

जूनमध्ये नगरपालिकेने छोट्या दुकानदारांची बैठक घेतली. निम्मे लोक खाण्यासाठी आले होते. एक तरुण अधिकारी समजावून सांगत होता, “पैसे घेऊन विकलेल्या कार्डाला मुदत घालता येत नाही. छापली तरी ती चालत नाही. थोडं वापरून रक्कम उरली, तर तीही नाकारता येत नाही.”

“आणि बक्षीस म्हणून फुकट दिलेलं?” एका बेकरीवाल्याने विचारलं.

“ते वेगळं. पण विकलेलं कार्ड म्हणजे लोकांचे पैसे आहेत, काका. तुम्ही ते आधीच खाल्लेत.”

सगळे हसले. क्लारिताला स्वतःची लाज वाटली. पॅन्सितच्या शेवयांची बशी तशीच ठेवून ती उठली आणि थेट फेल्याच्या घरी गेली.

दार लुव्हेलाने उघडलं. फेल्या बांबूच्या बाकावर बसली होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

“मानांग, चूक माझी होती,” क्लारिता दारातूनच बोलू लागली. “कार्डाला मुदत नसतेच. पूर्ण आठशेचं चालतं. आत्ता चल, मस्त सेट करून देते.”

फेल्याने टॉवेल काढला. डोक्यावर एक केस नव्हता.

“काय सेट करतेस?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “त्या शनिवारनंतरच्या सोमवारपासून औषधं सुरू व्हायची होती. केस जातील म्हणाले होते डॉक्टर.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“गिऱ्हाईक होतं ना बसलेलं.”

“आणि फोटो?”

“पोरांनी काढला. मी म्हटलं, माझा नंतर काढू, पैसे जमले की केस करून घेईन. मग हे झालं.”

क्लारिताने लुव्हेलाला पाणी कोमट करायला सांगितलं. मग बाकामागे उभी राहून, दुकानात धुवायची तसंच, हळूहळू ते डोकं धुतलं आणि मऊ हाताने पुसलं. फेल्याने डोळे मिटले होते.

“किती झाले?” तिने विचारलं.

नको म्हटलं तर फेल्या ऐकणार नाही, हे क्लारिताला कळत होतं. “शंभर.”

“म्हणजे सातशे उरले. त्यालाही मुदत नाही ना?”

“नाही, मानांग.”

“मग लुव्हेलासाठी ठेव. तिच्या लग्नात तिचे केस तूच कर.”

लुव्हेला पाण्याचं भांडं उचलून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.