‘नाही’ म्हणायची शिकवणी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सर, आता बरं वाटतं ना?” आणि माझा भाऊ मनोहर म्हणाला, “नाही.” पाठीला दोन उशा, नाकाला नळी, कपाळावर घाम, आणि तरी शाळेत हजेरी द्यावी तसं स्वच्छ म्हणाला, “नाही. बरं वाटत नाही. छातीत जड आहे.” सकाळपासून मी त्या वॉर्डात बसले होते. बाकी सगळ्या पेशंटांनी “हाव जी, बरं हाये” असंच म्हटलं होतं, ज्यांना धड उठून बसता येत नव्हतं त्यांनीसुद्धा. मला ओशाळल्यासारखं झालं. मी हळूच म्हणाले, “डाक्टरले असं बोलतेत का रे, मन्या?” तो माझ्याकडे बघून हसला. डॉक्टरीणबाई इंजेक्शन आणायला धावल्या... त्या परत येईपर्यंत तो गेला होता. मी त्याला बोललेलं शेवटचं वाक्य हे. त्याला आता सहा आठवडे झाले.

मन्या माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. तो जन्मला तेव्हा माझं लग्न होऊन, नवरा जाऊन, मी अल्लीपूरला माहेरी परतही आले होते. तो दोन वर्षांचा असताना आई गेली आणि तो माझ्या हाताखाली वाढला. मी चौथी शिकलेली. त्याला पहिली अक्षरं मी शिकवली, आणि बोलायची रीतही मीच शिकवली. आमचे बाबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाच्या शेतात राबणारे. मन्या सहा वर्षांचा असताना मालकांनी अंगणातून त्याला हाक मारली, “पोरा, माह्या चपला आण.” हा म्हणाला, “नाई.” मालक हसले. बाबा हसले नाहीत. घरी आल्यावर मी मन्याच्या थोबाडीत दिली. “मोठ्या माणसाले नाई म्हणायचं नाई. हाव जी म्हणायचं. समजलं का?” गालावर हात धरून तो म्हणाला, “हाव जी.” आपण चांगलं केलं असंच मला वाटलं. त्या घरात ते चांगलंच होतं.

पोरगा हुशार निघाला. शेतकी कॉलेजात मातीचा अभ्यास केला, शिष्यवृत्ती मिळवली आणि बाहत्तरच्या सुमारास इंग्लंडला शिकायला गेला. अर्धं अल्लीपूर त्याला पोचवायला वर्धा स्टेशनवर आलं होतं. त्याला काय सांगावं हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी लाडवांचा डबा दिला आणि म्हणाले, “तिथल्या मास्तरायले उलटून बोलू नको.” तो म्हणाला, “हाव जी, बाई.” बाई म्हणजे मोठी बहीण. दीड वर्षाने तो पदवी न घेता परत आला. काय झालं विचारलं तर “जमलं नाही, बाई,” एवढंच. पानठेल्यावरचे लोक विचारायचे, “काऊन गा साहेब, डिग्री इमानातच इसरले का?” तो त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. दोनेक वर्षांनी वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. सिंदी मेघेला दोन खोल्या घेतल्या, मी स्वयंपाकाला गेले. त्याने लग्न केलं नाही. मीही मागे लागले नाही; माझ्याकडे बघून कोणाला लग्नाची हौस यावी असं काही नव्हतं.

परदेशी शिकायला निघालेली पोरंपोरी त्याच्याकडे कधी यायला लागली ते आता सांगता येणार नाही. अपयश आलेल्या माणसाला कशाला विचारायचं, असं मला वाटायचं. रविवारी यायची, वहीत प्रश्न लिहून. तो सांगायचा, कोट तिथंच घे, इथला त्या थंडीत चालत नाही. छोटा कुकर ने. आजारी पडायच्या आधी दवाखाना बघून ठेव. मोठं पत्र लिहीन म्हणून थांबू नको, दोन ओळी टाक. हे सगळं पाच मिनिटांत संपायचं. मग मन्या म्हणायचा, “आता जेवायले बस. पोट भरलं की बाईले नाई म्हण.” ताटावर हात आडवा धरायचा नाही, “अर्धीच द्या” म्हणायचं नाही, हसायचं नाही. डोळ्याला डोळा देऊन “नको” म्हणायचं. नाही म्हणेपर्यंत मी वाढत राहायचं. जेवण झालं की मी पाटवडीची कृती एका दमात सांगायची, मधलं थोडं मुद्दाम पुटपुटायचं आणि विचारायचं, “समजलं का?” सगळी म्हणायची, “हो, बाई.” मन्या लगेच, “सांग मंग, बेसन कधी टाकायचं?” कॉलेजात पहिली आलेली पोरं, पण सगळी गप्प. “नाई समजलं, पुन्हा सांगा... एवढं म्हणता येत नाई तुमाले, आन् निघाले सातासमुद्रापार!”

सुनंदा नावाची एक मुलगी होती, हिंगणघाटची, अमेरिकेला रसायनशास्त्र शिकायला निघालेली. पहिल्या रविवारी पाच भाकरी खाल्ल्या, दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी मी दुसरी भाकरी वाढायला वाकले तशी ओरडली, “नको म्हटलं नं, बाई! बहिऱ्या आहा का?” आणि जीभ चावली. मन्याने टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात तिने विचारलं, “सर, तुमचं तिथं काय झालं होतं?” मला वाटलं, उठून जाईल. पण भाकरी मोडता मोडता त्याने सांगितलं. मास्तर भला माणूस होता. दर आठवड्याला समजावून सांगायचा आणि विचारायचा, समजलं का? हा म्हणायचा, यस सर. मातीचे नमुने कसे वाळवायचे हेच त्याला नीट कळलं नव्हतं. अख्खा हिवाळा चुकीचे वाळवले. शेवटी सगळे फेकावे लागले. मास्तर रागावला नाही, नुसता चकित झाला... एकदा तरी विचारायचं होतंस.

“मंग काऊन नाई विचारलं, सर?”

मन्याने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. म्हणाला, “सवय नव्हती.”

मी उठून स्टोव्हपाशी गेले. तव्यावर काही नव्हतं, तरी गेले.

मी त्याची माफी मागितली नाही. आमच्यात तसं कोणी मागत नाही. मी वाढत राहिले आणि पोरं मला नाही म्हणत राहिली. सुनंदाचं पत्र आलं, पहिल्याच आठवड्यात ‘नाही समजलं’ म्हणाले, मास्तरांनी पुन्हा सांगितलं, काही झालं नाही. ते पत्र घडीवर फाटेपर्यंत मन्याच्या खिशात होतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी दवाखान्यात माझ्या तोंडून निघालं ते तेच.

त्याचं ताट फडताळात तसंच उभं आहे. मागच्या रविवारी दाराशी एक मुलगी आली, हातात वही.

“सर हायेत का?”

“नाहीत. गेले. महिना होऊन गेला.”

 तिने वही पिशवीत टाकली. “मंग येते मी.”

“जेवली का?”

“हाव जी.”

पहिल्या एसटीने आलेली, ओठ सुकलेले. मी तिला आत बसवलं आणि मन्याचं ताट काढलं. दोन भाकरी तिने भराभर खाल्ल्या. तिसरीला घास तोंडात फिरायला लागला. चौथी घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मी थांबले. मन्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याला ‘हाव जी’ शिकवणारी मी साठ वर्षांची आहे, आणि जिवंत आहे.