बाच्या होडीला सिलेंडरचा रॅक

ड्रिल आत गेलं आणि थांबेचना. जुन्या सागाला भोक पाडताना मनगट भरून यायला हवं. हे लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बाहेर काढलं तर बिटला भुसा नाही, काळा चिखल. मी मालवणीत एक शिवी हासडली. स्वतःलाच.

होडी रे रोडच्या एका यार्डात उभी होती. मी आयुष्यभर बोटींचं फिटिंग केलं. रिटायर होऊन लालबागला घरी बसलो, तरी कोणी ना कोणी फोन करतंच. हे काम होतं मासेमारीच्या लाकडी होडीची स्कूबाची बोट करण्याचं. म्हणजे टुरिस्टच्या पाठीवर हवेचा सिलेंडर बांधून त्याला समुद्राखाली फिरवून आणायचं. अशा होडीला शिडी लागते, कारण ओला माणूस एवढं ओझं घेऊन काठावरून वर चढू शकत नाही. इंजिनच्या पंख्याला जाळी लागते, कारण पाण्यात आपलीच माणसं असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे रॅक. भरलेला सिलेंडर पंधरा किलोच्या घरात, असे बारा. लाटेत एक जरी सुटला तरी कोणाचा तरी पाय मोडलाच. म्हणून रॅक होडीच्या बरगड्यांना आरपार बोल्ट मारून बसवतात. मी तेच भोक पाडत होतो.

होडी हेमंतच्या वडिलांची. शीव कोळीवाड्यातलं घर. बा गेला त्याला तीन वर्षं झाली. हेमंत गिरगावात एका ऑफिसात नोकरीला, होडीवर तो कधी फारसा गेलाच नाही. पण ती विकायची नाही, यावर आई आणि तो दोघंही ठाम. नुसती बांधून ठेवलेली होडी मरते, हेही त्याला कळत होतं. मग शलाका भेटली. ती डायव्हिंग शिकवते, सीझनला मालवणात असते. ती म्हणाली, होडी धडधाकट असल्याचं सर्टिफिकेट आण, मी तुझी होडी कामाला लावते. हेमंतने नोकरी सोडली. बाची होडी पाण्यात राहील, एवढ्या एका गोष्टीसाठी सोडली.

आता माझी चूक सांगतो.

काम घ्यायच्या आधी मी होडी तपासली होती. लाकूड तपासायची आमची पद्धत साधी. हातोडीने ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगलं लाकूड टणटण बोलतं, सडकं भद्द करतं. या होडीवर बाहेरून फायबरचा थर होता, बा गेल्यावर हेमंतने मारून घेतलेला. डावी बाजू ठोकली, ठीक वाटली. उजवीकडे मध्यावर आलो तर हेमंत आडवा आला.

"काका, तिथे नको."

"का रे?"

"बाचा हात आहे."

खरंच होता. पारदर्शक फायबरखाली, लाल ऑइलपेंटमध्ये उठलेला पंजा, अंगठा जरा वाकडा. दर नारळी पौर्णिमेला होडी रंगवून झाली की बा तिथे हात उठवायचा. हा शेवटच्या वर्षाचा.

"खरवडलं असतं तर गेला असता," हेमंत म्हणाला. "म्हणून वरूनच फायबर मारलं. आता कायम राहील. ठोकलंत तर तडा जाईल, काका."

मलाही बाप होता. मी दोन हात जागा सोडली आणि पुढे गेलो. तिच्या कडेला आवाज जरा बसका आला होता. फायबर जाड असेल, अशी मनाची समजूत घातली. चौतीस वर्षांचा अनुभव गेला चुलीत.

नेमक्या त्याच जागेमागच्या भोकातून चिखल आल्यावर मी आतल्या फळ्या उघडल्या. ओल्या लाकडावर फायबर मारलं की ओल आत कोंडते. वरून चकाचक, आतून भुगा. तीन बरगड्या हाताने मोडल्या. खाली पठाणापर्यंत, म्हणजे होडीच्या कण्यापर्यंत, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत जात होता. कणा गेला की होडी गेली. मग दुरुस्ती नसते, नवी होडी असते.

हेमंत आणि शलाका दुपारी आले.

"पॅच मारा ना, काका," हेमंत म्हणाला. "वरून अजून एक थर देऊ."

"कशावर देऊ? आत लाकूडच नाही."

"मग रॅक छोटा करा. सहा सिलेंडर."

शलाका हळूच म्हणाली, "हेमंत, माझ्याकडे पोहता न येणारी माणसं येतात रे."

तो मग माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच तपासलीत ना? तेव्हा ओके बोललात. आता सर्टिफिकेटवर सही करायला काय जातंय?"

बरोबर होतं त्याचं. मी ओके म्हणालो होतो, म्हणून त्याने राजीनामा दिला होता. मी म्हणालो, "चुकलं माझं, बाबा. पण सही नाही करणार." तो खाली बसला आणि रडला. चाळिशीचा माणूस, यार्डातल्या सगळ्यांसमोर. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही धाडस झालं नाही.

दोन दिवसांनी होडी तोडायची ठरली. हेमंतची आई आली. म्हातारी चालत पूर्ण होडीला फेरी मारून आली, पंज्यापाशी थांबली. मी सगळं सांगितलं, हातोडीचंही सांगितलं. हेमंत म्हणाला, "आये, बाचा हात जपायला गेलो गं."

तिने पंज्यावर आपला हात ठेवला. मग म्हणाली, "मना कोनी इचारलाच नाय. तुजा बा दर वर्साला सवताच घासून कारायचा तो हात. होरी खरवरायचा, उन्हात सुकवायचा, तेल पाजायचा, नि मंग नवा हात मारायचा. तू रंग झाल्यावर यायचास, तुना कसा ठावं असनार?"

ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मी तिथून निघून गेटपर्यंत गेलो, कारण मला तिथे उभं राहवेना.

होडी एका दिवसात तुटली. शलाकाने तयार फायबरची बोट भाड्याने घेतली. तिच्यावर हेमंत सिलेंडर उचलायचं काम करतो, मालवणात. माझा फोन घेत नाही.

मी अजून सर्व्हेला जातो. मालक जिथे म्हणतो 'इथे नको', पहिली हातोडी तिथेच मारतो. लोक चिडतात. चिडू देत.